गेम्मी खिंड एका दिवसात: कांडरश्टेग ते लॉयकरबाड

स्वित्झर्लंडमधल्या गेम्मी खिंडीची उंची साधारण २,२७० मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा सहाशे मीटरनं जास्त. तरीही सह्याद्रीत फिरणाऱ्या माणसाला तिची ठेवण पहिल्या दिवशीच ओळखीची वाटेल. उत्तरेकडून, कांडरश्टेगच्या बाजूनं, एक चढण संपली की लांबच लांब पठार. दक्षिणेकडे लॉयकरबाडच्या डोक्यावर सरळ तुटलेला कडा आणि त्यात खोदून काढलेली नागमोडी वाट. देशावरून कोकणात उतरणारी घाटवाट डोळ्यांसमोर आणा, फक्त करवंदाच्या जाळ्यांऐवजी चुनखडीचा उघडा कातळ समजा.

वाट अवघड नाही. सहा पायऱ्यांच्या स्विस श्रेणीत ती दुसऱ्या पायरीची, म्हणजे डोंगरवाट. हात टेकून चढायची वेळ कुठे येत नाही. लोक फसतात ते दिवसाच्या आखणीत. पठारावर फोटो काढत, तळ्याकाठी लोळत दुपार घालवायची आणि मग साडेतीनला थकल्या पायांनी नऊशे मीटरचा उतार सुरू करायचा, ही नेहमीची चूक. म्हणून हा दिवस उलटा मोजावा: आधी कड्यावरच्या उतरणीसाठी अडीच तास बाजूला काढायचे, उरलेल्यात बाकीचं सगळं बसवायचं.

कधी जायचं

जूनच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. त्यातही सप्टेंबर सर्वांत भरवशाचा, कारण दुपारचे गडगडाटी पाऊस कमी झालेले असतात आणि हवा स्वच्छ असते. जूनमध्ये डाउबेनझे तळ्याच्या आसपास आणि कड्यातल्या घळींमध्ये जुना बर्फ राहिलेला असू शकतो. सकाळी तो काचेसारखा टणक असतो. उतारावरच्या अशा पट्ट्यावर साध्या बुटांनी पाय टाकू नये. चार पावलांचा पट्टा असला तरी घसरल्यावर थांबायला काही नसतं. आदल्या दिवशी गेम्मी रोपवेच्या संकेतस्थळावरच्या कॅमेऱ्यात खिंड पाहून घ्या आणि शंका आली तर लॉयकरबाडच्या पर्यटन कार्यालयात फोन करून कड्याची वाट उघडी आहे का ते विचारा.

हिवाळ्यात झुनब्यूल (कांडरश्टेगकडच्या रोपवेचं वरचं टोक) ते गेम्मी हा पठारावरचा भाग चालण्यासाठी दाबून तयार करतात, पण कड्याची वाट तेव्हा विसरायची. खाली जायचं ते रोपवेनंच. वसंतात आणि हिवाळ्याच्या तोंडावर दोन्ही बाजूंचे रोपवे देखभालीसाठी काही आठवडे बंद असतात. तारखा दर वर्षी बदलतात, त्या पाहिल्याशिवाय हॉटेल ठरवू नका.

मुंबई-पुण्याहून उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी हा ट्रेक ठेवू नये. २,३०० मीटरला बहुतेकांना उंचीचा त्रास होत नाही, पण चढावर दम लवकर लागतो आणि वेळेच्या फरकामुळे झोप अपुरी असते. कांडरश्टेग स्वतः १,१७६ मीटरवर आहे. तिथे दोन रात्री काढून निघालात तर फरक जाणवतो.

अंतर आणि वेळ

कांडरश्टेग स्टेशनपासून लॉयकरबाडपर्यंत पूर्ण पायी सुमारे २० किलोमीटर आणि थांबे सोडून सात-आठ तास. झुनब्यूलचा रोपवे घेतला तर सुमारे १३ किलोमीटर आणि पाच तास. पिवळ्या पाट्यांवर स्विस लोक अंतर लिहीत नाहीत, वेळ लिहितात, आणि ती वेळ नुसती चालण्याची असते. चहा, फोटो, बूट बदलणं यांतलं काही त्यात नाही. पहिल्या तासात स्वतःचा वेग पाटीशी ताडून पाहा. एक तास लिहिलेलं अंतर सव्वा तासात झालं, तर दिवसभराच्या प्रत्येक आकड्याला सव्वापट लावा. गटात असाल तर सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा वेग धरून.

रोपवे घेणाऱ्यांसाठी साधारण असा दिवस जमतो: साडेआठला झुनब्यूल, पावणेदहाला श्वारेनबाखचं हॉटेल, अकराच्या सुमारास तळ्याचं उत्तरेकडचं टोक, बाराला खिंड, एक वाजता उतरायला सुरुवात, सव्वातीनला गावात. पूर्ण पायी जाणाऱ्यांनी स्टेशनवरून साडेसहाला निघावं, म्हणजे एक वाजता खिंड आणि सव्वाचारपर्यंत लॉयकरबाड. साडेसहा लवकर वाटत असेल तर रोपवे घ्या. मधला मार्ग म्हणून आठला पायी निघणं मात्र सर्वांत वाईट, कारण मग कड्यावर नेमके विजा चमकण्याच्या वेळी पोहोचता.

पाठीवर काय

एका दिवसाची सॅक, भरल्यावर पाच-सहा किलोंच्या वर जाऊ नये. पाणी माणशी दीड लिटर, कडक उन्हात दोन. वाटेत ओढे दिसतील म्हणून बाटली रिकामी नेऊ नका. इथला खडक चुनखडीचा आहे, त्यात पाणी जमिनीखाली मुरून जातं, आणि जे वर वाहतं त्याच्या दोन्ही बाजूंना गुरं-मेंढ्या चरत असतात. गावातल्या दगडी कुंडाच्या तोटीचं पाणी पिण्याजोगं असतं. तसं नसेल तिथे ‘काइन ट्रिंकवासर’ अशी पाटी लावलेली असते. झुनब्यूल सोडल्यावर पाणी किंवा चहा मिळण्याच्या भरवशाच्या जागा दोनच: श्वारेनबाखचं हॉटेल आणि खिंडीवरचं उपाहारगृह. दोन्हीकडे पैसे मोजावे लागतात, त्यामुळे पन्नासेक फ्रँक रोख जवळ ठेवा.

बूट घोट्यापर्यंतचे असले तर उत्तम, पण त्याहून महत्त्वाचा त्यांचा तळ. चुनखडीवर शेकडो वर्षं माणसं आणि खेचरं चालून कातळ गुळगुळीत झाला आहे, आणि ओला झाला की शेवाळलेल्या पायरीसारखा सटकतो. झिजलेल्या स्पोर्ट्‌स शूजनी कड्यावर येऊ नये. नवे कोरे बूटही नकोत. आधी किमान तीस-चाळीस किलोमीटर ते पायात गेलेले हवेत.

कपडे थरांनी: अंगाशी सिंथेटिक किंवा लोकरीचा टीशर्ट, वर पातळ फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. सुती बनियन आणि जीन्स घरी. उंचीबरोबर दर शंभर मीटरला तापमान साधारण ०.६ अंशांनी उतरतं, म्हणजे लॉयकरबाडला २४ अंश असेल तेव्हा खिंडीत अठरा-एकोणीस. त्यात वारा सुटला की घामेजलेला टीशर्ट अंगावर गार पडतो. कानटोपी आणि पातळ हातमोजे जुलैमध्येही सॅकच्या तळाशी असू द्या. गॉगल, टोपी आणि सनस्क्रीन विसरलात तर संध्याकाळपर्यंत नाकाची साल निघते.

काठ्या दोन घ्या, एक नव्हे. याशिवाय हेडलॅम्प, फोडांसाठीच्या पट्ट्या, क्रेप बँडेज, चंदेरी आपत्कालीन चादर, पॉवर बँक, आणि स्विसटोपो या स्विस सरकारी नकाशा संस्थेच्या ॲपमध्ये आधीच उतरवून घेतलेला नकाशा. कागदी हवा असेल तर १:२५,००० चा १२६७ क्रमांकाचा, नावच ‘गेम्मी’.

खाण्याचं आपलं आपण बघितलेलं बरं. थालीपीठ, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चिक्की, खजूर हे दिवसभर टिकतं आणि सॅकमध्ये चुरडलं तरी बिघडत नाही. फक्त भारतातून स्वित्झर्लंडमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे, तेव्हा पेढे-खव्याची पोळी सामानात भरू नका. ब्रेड, चीज, सफरचंदं तिथेच घ्या, आणि रविवारी निघणार असाल तर शनिवारीच घ्या. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात.

कांडरश्टेग ते झुनब्यूल

स्टेशनपासून रोपवेच्या पायथ्याशी, एगेश्वांडला, बसनं जाता येतं किंवा सपाटीवरून पाऊण तास चालत. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर डोंगरावरच्या रोपवेला बहुधा सवलत असते, फुकट प्रवास नव्हे. तिकीट काढताना पास आधी दाखवा.

पायी जाणाऱ्यांनी एगेश्वांडला एक गोष्ट सांभाळायची. इथून एक रस्ता गास्टर्नच्या दरीत शिरतो आणि तो इतका ठळक आहे की गप्पांच्या नादात पाय तिकडेच वळतात. आपल्याला पाटीवर ‘गेम्मी’ किंवा ‘झुनब्यूल’ हवं. पुढचा चढ जंगलातून, वळणावळणांचा, साधारण साडेसातशे मीटरचा. सव्वादोन ते अडीच तास. बोलताना धाप लागणार नाही अशा चालीनं चढा. इथे वीस मिनिटं वाचवणारा माणूस संध्याकाळी कड्यावर चाळीस घालवतो.

पठार

झुनब्यूलहून रुंद वाट आधी थोडी उतरते आणि स्पिटेलमाट्टेच्या कुरणात येते. सपाट हिरवळ, गुरांच्या गळ्यातल्या घंटा, डावीकडे ३,६२९ मीटरचं आल्टेल्स. ११ सप्टेंबर १८९५ ला पहाटे त्या आल्टेल्सच्या उतारावरून हिमनदीचा प्रचंड तुकडा सुटला आणि या कुरणावर कोसळला. सहा माणसं आणि दीडशेहून जास्त गुरं गेली. आज ती हिमनदी आटून गेली आहे, पण कुरणात विखुरलेले मोठमोठे धोंडे पाहताना ही जागा किती उघडी आहे ते कळतं.

गुरांच्या बाबतीत मात्र आजही सावध राहायला हवं. वासरू जवळ असलेली गाय आपल्याकडच्या गरीब गायीसारखी नसते. वासराला हात लावायला जाऊ नका, कळपातून न जाता वीसेक मीटरचा वळसा घाला, काठी उगारू नका. फाटक उघडलं तर मागे लावून घ्या.

कुरणाच्या पुढे आर्वेनझेलीकडे जाणारा फाटा लागतो. जुन्या आर्व्हे पाइन वृक्षांमधली, छोट्या डबक्यांशेजारून जाणारी ही पायवाट रुंद रस्त्यापेक्षा कितीतरी देखणी आहे आणि पुढे पुन्हा मुख्य वाटेला मिळते. साडेनऊच्या आत इथे असाल तर जरूर घ्या. उशीर झाला असेल तर सरळ चला.

श्वारेनबाख २,०६० मीटरवर आहे. इथे स्वच्छतागृह वापरा, पाणी भरा, वीस मिनिटांत उठा. तिथून वाट खडकाळ होत चढते आणि पाऊण तासात डाउबेनझे तळं समोर येतं. या तळ्याला वरून बाहेर जाणारा ओढा नाही. पाणी तळातल्या भेगांतून झिरपून निघून जातं, म्हणून पातळी ऋतूनुसार बरीच खालीवर होते आणि काठाचा गाळ फसवा असतो. वाळल्यासारख्या दिसणाऱ्या राखाडी पट्ट्यावरून जवळचा रस्ता काढायला जाणारे पोटरीपर्यंत चिखलात रुततात. पूर्वेच्या, म्हणजे डाव्या हाताच्या काठानं जाणारी रुंद वाट सोडू नका. धुकं असेल तर हे दुप्पट लागू.

जुलैच्या शेवटच्या रविवारी या तळ्याकाठी मेंढपाळांचा मेळा भरतो. काळ्या तोंडाच्या वालिस मेंढ्या शेकड्यांनी जमतात. पाहण्यासारखं आहे, पण त्या दिवशी रोपवेला रांगा लागतात. पहिल्या फेरीलाच जा.

खिंड, आणि तिथला निर्णय

तळ्याच्या दक्षिण टोकापासून खिंडीपर्यंतचा शेवटचा चढ छोटा आहे, पण वारा समोरून येतो. जॅकेट वर पोहोचल्यावर नाही, तळ्याशीच चढवा. माथ्यावर आलात की समोर अख्खी वालिसची रांग उघडते: वाइसहॉर्न, दाँ ब्लांश, हवा निर्मळ असेल तर मॅटरहॉर्नही. आणि पायाखाली, जवळजवळ उभं खाली, लॉयकरबाडची छपरं.

इथे बसून चार गोष्टी तपासायच्या. एक, घड्याळ: तीन वाजून गेले असतील तर रोपवे. दोन, आभाळ: फुलकोबीसारखे ढग उंच वाढत असतील किंवा गडगडाट ऐकू येत असेल तर रोपवे. तीन, गुडघे: चढावरच दुखायला लागले असतील तर उतारावर ते बरे होणार नाहीत, रोपवे. चार, उंचीची भीती. वाट रुंद आहे, धोक्याच्या जागी कठडे आहेत, पण बाजूची पोकळी सतत दिसत राहते. गटात कुणी एक जण पहिल्या वळणावरून मागे सरला तर त्याला समजावत खाली नेऊ नका. रोपवे काही मिनिटांत गावात पोहोचवतो. शेवटची फेरी किती वाजता ते माथ्यावरच्या फलकावर आधी वाचून मगच जेवायला बसा.

कड्याची उतरण

ही वाट १७३९ ते १७४१ या काळात टिरोलच्या कारागिरांनी सुरुंग लावून कातळात कोरली. वरून पाहिलं तर वाट दिसतच नाही, एका वळणावर उभं राहिलं की खालचं वळण थेट पायांखाली असतं. म्हणूनच इथला पहिला नियम: दगड घरंगळू द्यायचा नाही आणि दोन वळणांमधून आडवं कापायचं नाही. तुमच्या बुटानं सुटलेला लिंबाएवढा दगड तीन वळणं खालच्या माणसाच्या डोक्यात बसू शकतो. सुटलाच तर ‘श्टाइन!’ असं ओरडा. विश्रांती घळीच्या तोंडाशी किंवा ताज्या दगडांच्या ढिगाजवळ घेऊ नका. पाऊस किंवा थंडीच्या रात्रीनंतर ऊन तापलं की तिथूनच दगड येतात.

उतरण्याआधी बुटांच्या नाड्या पुन्हा बांधा: पंजावर थोड्या सैल, घोट्याच्या वळणावर घट्ट. टाच मागे बसायला हवी, नाहीतर दोन तास बोटं बुटाच्या टोकाला आपटत राहतात आणि अंगठ्याचं नख काळं पडतं. काठ्या पाच ते दहा सेंटीमीटरनी लांब करा. पावलं छोटी, गुडघा किंचित वाकलेला, टेकताना आधी काठी मग पाय. मोठ्या ढांगा टाकून लवकर उतरतो असं वाटतं, पण अर्ध्या वाटेत मांड्या थरथरायला लागतात आणि पाय मुरगळतो तो तेव्हाच. दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं बसा. फोटो काढायचा तर पूर्ण थांबून, कातळाच्या बाजूला पाठ करून.

१८६१ मध्ये खेचरावर बसून ही वाट उतरताना एक फ्रेंच काउंटेस पडून मरण पावली. तिचं स्मारक वाटेवर आहे. पुढे स्वारांना उतरणीवर पायउतार व्हावं लागे. वरून येणाऱ्यानं चढणाऱ्याला वाट द्यावी हा तिथला रिवाज, आणि देताना कातळाच्या बाजूला सरकायचं, दरीच्या नव्हे.

एका ठिकाणी ‘क्लेटरश्टाइग’ अशी पाटी दिसेल. ती डाउबेनहॉर्नवर लोखंडी दोर आणि शिड्यांनी चढणाऱ्यांची वाट आहे. हार्नेस-हेल्मेटशिवाय तिकडे एक पाऊलही टाकायचं नाही. आपल्या वाटेवर पांढरा-लाल-पांढरा पट्टा असतो. निळा-पांढरा पट्टा दिसला तर तुम्ही चुकलात.

वीज आणि आपण यांतलं अंतर मोजायला सोपं गणित: चमकल्यापासून आवाजापर्यंतचे सेकंद भागिले तीन, इतके किलोमीटर. तीस सेकंदांहून कमी भरले तर वादळ अंगावर आहे असं धरा. कठडे, लोखंडी दोर आणि काठ्यांपासून दूर व्हा, गटातल्या माणसांत अंतर ठेवा, पाय जुळवून सॅकवर उकिडवे बसा. एकट्या झाडाखाली किंवा कातळाच्या उथळ कपारीत शिरू नका.

अपघात झाला तर वालिसच्या, म्हणजे लॉयकरबाडकडच्या प्रांताच्या, हद्दीत १४४ लावा. कांडरश्टेगकडच्या बर्न प्रांतात रेगाचा, म्हणजे हवाई बचाव सेवेचा, १४१४. नेटवर्क नसेल तर मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा बॅटरीचा प्रकाश, एक मिनिट थांबून पुन्हा. उत्तर मिनिटाला तीन संकेतांनी येतं. हेलिकॉप्टरचा खर्च मोठा असतो, तेव्हा प्रवास विम्यात डोंगरातली सुटका आणि तुम्ही जाणार ती उंची बसते का ते निघण्याआधी वाचा.

खाली, आणि परत

गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव लॉयकरबाड १,४०१ मीटरवर. झऱ्यांचं पाणी ५१ अंशांपर्यंत गरम असतं, म्हणून कुंडांत ते निववून सोडतात. पोहण्याचे कपडे आणि छोटा टॉवेल सकाळीच सॅकमध्ये टाकलेला असेल तर तासभर पाय मोकळे करता येतात. पायाला फोड फुटला असेल तर कुंडात उतरू नका. आणि आत जाण्याआधी लॉयकला जाणाऱ्या बसच्या वेळा बघून ठेवा.

बस अर्ध्या तासात लॉयक स्टेशनवर उतरवते. कांडरश्टेगला परतायचं असेल तर इथे घोळ होतो. फिस्पला उतरून बर्नची वेगवान गाडी पकडली तर ती २००७ मध्ये सुरू झालेल्या खालच्या लांब बोगद्यातून जाते; तुम्ही कांडरश्टेगच्या जमिनीखालून निघून जाता आणि थेट श्पीत्सला पोहोचता. तिथून मग उलटं अर्धा तास मागे. लॉयकहून ब्रिगपर्यंत जा आणि गोपेनश्टाइनवरून जुन्या घाटमार्गानं जाणारी रेजिओएक्सप्रेस घ्या. सगळे थांबे धरून गावातून गावात अडीच तास हाताशी ठेवा, आणि ब्रिगला फलाटावर डब्याच्या पाटीवर ‘कांडरश्टेग’ लिहिलेलं वाचूनच आत चढा.